दुखवट्याची कॉफी

कॉफी मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी कॉफीबद्दल बरंच काही सांगणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. माझा सगळा जन्म चहात गेला. मुरबाडच्या स्टँडसमोर एका शेटच्या हॉटेलात मी कपबशा विसळण्यापासून गल्ल्यापर्यंत चढलो. पुढे शेटच्या मुलांनी हॉटेल मोडून मोबाइलचं दुकान टाकलं आणि मी धसईला घरी बसलो. घरी बसून मी बायकोला भाजी कशी चिरावी, दूध कधी उतरवावं वगैरे शिकवायला लागलो. महिनाभर तिनं ऐकलं. मग म्हणाली, "तुमी कुठं तरी कामाला लागा, नायतर मी लागते."

तेवढ्यात कळलं, आटगावजवळ महामार्गाच्या कडेला कॉफीचं दुकान निघतंय आणि त्यांना हॉटेलातला जुना माणूस हवा आहे. दुकान एका संस्थेचं होतं. काम करणारे सगळे दिव्यांग असणार, असं संस्थेच्या मॅडमनी मुलाखतीतच सांगितलं आणि विचारलं, "अशा लोकांबरोबर काम करायचा अनुभव आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या शेटला गिऱ्हाईक दिसत नव्हतं, आचाऱ्याला ऐकू येत नव्हतं आणि वेटरला चालता येत नव्हतं. सगळे धडधाकट होते."

मॅडम हसल्या नाहीत. पण नोकरी दिली.

आता माझी माणसं सांगतो. माणसं तीनच, म्हणून लक्षात ठेवायला सोपी.

पहिला एकनाथ. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय गेला, काखेत कुबडी. आधी तो खर्डीच्या नाक्यावर जीप भरायचा. जीप भरणं म्हणजे काय, तर गाडीत चारच माणसं असताना "बसा बसा, निघालीच!" असं ओरडून आणखी दहा माणसं गोळा करायची. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या तोंडून खरं निघणं कठीण. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मी त्याला दिलं.

दुसरा बारकू. वय तिशीपुढचं, पण डोकं सावकाश चालायचं. सावकाश म्हणजे चालायचंच नाही असं नव्हे. एकदा सांगितलेलं काम तो कधी चुकवायचा नाही, आणि खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. एखाद्याला पोहता येत नाही, तसं. तो काउंटरला उभा राहायचा.

तिसरी वनिता. पंचविशीची, जन्मापासून ऐकू न येणारी. शहापूरच्या वर डोंगरात तिचं गाव. तिच्याकडे मशीन.

मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. चहाला काय, उकळी आली की झाला. घाई असली तर आच वाढवायची, गर्दी असली तर पाणी वाढवायचं. कॉफीचं तसं नाही. बी दळायची, भुकटी डावासारख्या एका दांड्यात भरायची, वरून दाबायची आणि दांडा मशीनला अडकवायचा. मग मशीन त्यातून जोरानं गरम पाणी रेटतं. दळण जाड झालं तर पाणी सरळ पळून जातं, बारीक झालं तर अडकून बसतं आणि कॉफी करपते. पावसाळ्यात हवा ओली झाली की कालचं दळण आज चालत नाही. दुधाला वाफ द्यायची तर भांड्याला तळहात लावून ठेवायचा आणि हात पोळायला लागला की थांबायचं. एवढं सगळं करून हातात येतं काय, तर घोटभर. पहिल्यांदा तो कप बघून मी विचारलं होतं, "बाकीचं कुठंय?"

वनितानं ते मशीन पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं. दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. मी जवळ गेलो तरी ती पोट खाजवल्यासारखी खूण करून मग दाराकडे बोट दाखवायची. पोट खाजवणं म्हणजे मी. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला असं एक नाव पडतं आणि ते आपल्याला विचारून पडत नाही. त्याआधी मला ठाऊकच नव्हतं की मी दिवसभर पोट खाजवत असतो. कॉफीवर दूध ओतून ती एक पान काढायची. शिकवणाऱ्यानं ते पान म्हणूनच शिकवलं होतं, पण ती काढायची ती भाताची लोंबी. दाणे भरलेली, वजनानं एका बाजूला वाकलेली. मुंबईची गिऱ्हाइकं तिचे फोटो काढायची.

तिला ऐकू येत नसल्यामुळे काउंटरवर एक बटण होतं. बारकूनं ते दाबलं की मशीनवर लाल दिवा लागायचा. दुसरा दिवा मागच्या कोठीत, म्हणजे ती दूध आणायला आत गेली असली तरी कळावं. एका कपाला एकदा दाबायचं, हे बारकूला सांगितलेलं होतं, म्हणून तो दहा कपांना दहादा दाबायचा.

एकनाथ आणि बारकू शेजारी उभे असणं ही आमच्या दुकानाची सगळ्यात मोठी अडचण होती. डोंगरावर फिरायला आलेली तरुण मंडळी एकनाथला हळव्या आवाजात विचारायची, "दादा, पायाला काय झालं?" एकनाथ प्रत्येकाला वेगळं सांगायचा. कुणाला बिबट्या, कुणाला विजेची तार, एकदा तर कुस्ती. लोक डोळे पुसायचे. शेजारून बारकू म्हणायचा, "पोलिओ झाला त्याला."

केकचंही तेच. एका बाईंनी विचारलं, "केक ताजा आहे ना?"

"एकदम!" एकनाथ म्हणाला.

"परवाचा हाय," बारकू म्हणाला. "मी खाल्ला. कडक हाय."

मी बारकूला बाजूला घेऊन समजावलं की गिऱ्हाइकाला असं सांगायचं नसतं. तो म्हणाला, "मग ताजा आणा." मी ताजा आणायला लागलो.

उद्घाटनाच्या दिवशीची गोष्ट तर अजून आमच्या पंचक्रोशीत सांगतात. आम्हाला शिकवायला पुण्याहून अद्वैत नावाचा मुलगा आला होता. चांगला, मनापासून शिकवणारा, पण कॉफी तोंडात घोळवून त्यात संत्र्याची साल लागते, गूळ लागतो असं म्हणायचा. मी घोळवली तर मला कॉफीच लागली. त्याचं म्हणणं, खरी कॉफी काळी. दूध-साखर घातली की मेली. म्हणून उद्घाटनाला आजूबाजूच्या गावांतली वडीलधारी मंडळी बोलावली, सतरंजीवर बसवली आणि त्यांना काळी कॉफी द्यायची असं त्यानं ठरवलं. मी मांडव आणि नारळ बघत होतो. कप माझ्यासमोरून गेले तेव्हा फार उशीर झाला होता.

आमच्याकडे ज्या घरी मयत झालेलं असतं तिथं चूल पेटत नाही आणि भेटायला येणाऱ्याला शेजारच्या घरून आणलेला बिनदुधाचा कोरा चहा देतात. एरवी पाहुण्याला कोरं देणं म्हणजे त्याचा अपमान. कप हातात आले तशी मंडळी गप्प झाली. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका आजीनं पदर तोंडाला लावला. माझ्या ओळखीचे एक मारुतीबुवा हळूच उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोण गेला रे दामू? आमाला कळवला पन नाय."

मी म्हटलं, "कोणी नाही बुवा, उद्घाटन आहे."

"असा बोलू नको," बुवा म्हणाले. "धीर धर."

तोवर आजीनं अद्वैतचा हात धरला होता आणि ती त्याला सांगत होती, रडून घे बाला, मन मोकळा होतो. त्या पोराला वाटलं, कॉफी फारच आवडली. त्याचेही डोळे भरून आले. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

मी समजलो, धंदा बसला. पण झालं उलटंच. आमच्या भागातली माणसं अस्थी घेऊन नाशिकला गोदावरीवर जातात आणि याच महामार्गानं परततात. येताना पोटात काही नसतं, डोकं जड झालेलं असतं, आणि रस्त्यावरच्या धाब्यांवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात. तिथं जाऊन बसायला माणसाला संकोच वाटतो. उद्घाटनानंतर गावोगाव बातमी गेली होती की आटगावला दुखवट्याची कॉफी मिळते. एक दिवस टेम्पो थांबला, मुंडण केलेली दोन माणसं उतरली आणि म्हणाली, "कोरी हाय ना?" मग दुसरा टेम्पो. मग तिसरा. आमच्याकडे गाणी नव्हती, कारण स्पीकर पहिल्या पावसाळ्यातच बिघडला होता. विचारपूस करणारं कोणी नव्हतं. वनिता कप ठेवायची, दोन्ही हात जोडायची आणि मागे व्हायची. रडणाऱ्या माणसाला याहून जास्त काही नको असतं, हे मला तेव्हा कळलं.

एकदा मॅडमनी येऊन विचारलं, "आपलं नेहमीचं गिऱ्हाईक कोण?"

"पर्यटक," एकनाथ म्हणाला.

"मयताची माणसं," बारकू म्हणाला.

आता मुद्द्यावर येतो. वनिताला कामावर सोडायला पहिल्या दिवशी तिची आई, हिराबाई आली होती. जाताना तिनं मला बाजूला बोलावलं. "दामूशेट, हिच्या बापाला सांगितलाय, पोरगी कंपनीत पॅकिंगला हाय. कोनी इचारला तर तसाच सांगा."

"का हो? इथं काय वाईट आहे?"

"वाईट नाय. पन आमच्या घरान्यातला कोनी लोकांचा उष्टा काढायला गेला नाय, असा त्यांचा म्हनना. हाटेलात पोरगी कप उचलते कळला तर उद्याच घरात बसवतील."

घरात बसवणं म्हणजे काय ते मला पुढे कळत गेलं. याआधी वनिता घरातच होती. गावात तिला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे, कारण हाक मारून उपयोग नाही. सगळे 'मुकी' म्हणायचे. कोणाचं लग्न असलं की तिला गुरांकडे थांबवायचे. इथं तिच्या ॲप्रनवर तिचं नाव होतं, तो ॲप्रन ती घरी जाताना घडी घालून पिशवीत लपवायची. तिच्या गावात 'कंपनीत आहे' या शब्दाला मान आहे आणि कंपनीत काय करतात ते कोणी विचारत नाही. मी हिराबाईंना शब्द दिला. एकनाथला तर आनंदच झाला. बारकूला आम्ही दोघांनी बसवून शिकवलं : वनिताचा बाप आला तर म्हणायचं, ती कंपनीत आहे. त्यानं मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोन पावसाळे झाकली मूठ राहिली.

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी टेम्पो थांबला. मागे डझनभर माणसं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, पुढे मुंडण केलेला एक तरुण. नेहमीचंच, म्हणून मी उठलोसुद्धा नाही. तेवढ्यात वनितानं काचेतून बाहेर पाहिलं आणि हातातलं दुधाचं भांडं तसंच ठेवून मशीनमागे खाली बसली. मी वाकून खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं दोन बोटांनी मिशी पिळून दाखवली.

मिशी म्हणजे बाप.

खरंच, टेम्पोतून उतरणाऱ्यांत मोठ्या पांढऱ्या मिशांचा एक ताठ गृहस्थ होता. शेजारची म्हातारी वारली होती आणि गावातला जाणता माणूस म्हणून हा तिच्या मुलाबरोबर नाशिकला जाऊन आला होता. नाव वामनराव, हे मला हिराबाईंकडून ठाऊक होतं.

मी वनिताला कोठीत ढकललं, दार लोटलं आणि एकनाथला इशारा केला. तो कुबडी टेकत दाराशी पोचला. "मंडळी, मशीन बंद हाय! पुढं शहापूरला जावा, तिकडं बरा मिळेल."

"चालू हाय," बारकू काउंटरवरून म्हणाला.

"बिघडलाय रे तो."

"नाय बिघडला. आताच दोन कॉफी झाल्या."

मंडळी आत येऊन बसली. मुंडण केलेला तरुण थकलेल्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना कोरी द्या."

मी मशीनसमोर उभा राहिलो. सगळं आयुष्य हॉटेलात काढलं, एक काळं पाणी जमू नये? दांडा उघडला, भुकटी कोंबली, दाबली. बहुतेक जास्तच दाबली. बटण दाबलं तर मशीन घुरघुरलं आणि थेंबसुद्धा पडेना. दुसरं बटण दाबलं तर बाजूच्या नळीतून वाफ सुटून माझ्या चष्म्यावर आली. मला काही दिसेना. तिकडे बारकूनं काम सुरू केलं होतं. माणसं मोजून तो बटण दाबत होता, आणि माझ्यासमोर लाल दिवा लागत होता आणि विझत होता. तोच दिवा कोठीतही लागत होता.

मी हळूच ओरडलो, "बारकू, पुरे!"

"अजून चार माणसं हायत," तो म्हणाला.

मग करपल्याचा वास सुटला. जळक्या सुक्या मिरचीसारखा, नाकात बसणारा. मी चष्मा पुसत होतो तेव्हा कोठीचं दार उघडलं.

मी तिला हातानं नको नको म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ॲप्रनची गाठ घट्ट केली, मला कोपरानं बाजूला सारलं, दांडा काढला, माझी करपलेली करणी डब्यात आपटून टाकली आणि नवीन दळण घेतलं. आत बसून राहिली असती तर वाचली असती. पण तिच्या मशीनची ही दशा तिला बघवेना, आणि एवढे दिवे लागूनही आपण जागेवर नाही हेही सहन होईना. मी हे नंतर तिला खुणेनं विचारलं, तर तिनं पोट खाजवून नाक दाबून दाखवलं.

वामनराव उभे राहिले होते. डोक्याचा टॉवेल सुटून खाली पडला होता.

एकनाथनं शेवटचा प्रयत्न केला. "ही दुसरी हाय बरं का, सारखी दिसते फक्त."

"वनिता हाय," बारकू म्हणाला. मग त्याला आमची शिकवणी आठवली असावी, कारण तो वामनरावांकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाला, "वनिता कंपनीत हाय असा सांगायचा, असा मला एकनाथनी सांगितलाय. दामूशेटनी पन सांगितलाय. पन ती हितंच हाय."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण वामनरावांनी पडलेला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. दुखवट्याच्या माणसांबरोबर असताना आवाज चढवायचा नसतो. आमच्याकडे भांडणंसुद्धा दिवस उरकेपर्यंत थांबवून ठेवतात. ते खाली बसले. वनितानं कप आणले. प्रत्येकासमोर ठेवून हात जोडत ती बापापर्यंत आली. एक थेंबही सांडला नाही. बापासमोरही तिनं हात जोडले. वामनराव खाली बघत कॉफी प्यायले.

आता उरला उष्ट्या कपांचा प्रश्न, आणि सगळं त्यावरच तर अडलेलं. मी एकनाथला म्हटलं, तू उचल. तो म्हणाला, कुबडी सांभाळू की कप? मी स्वतः उठेपर्यंत वनिता ट्रे घेऊन एका टोकाला पोचली होती आणि गावातल्या सगळ्यांदेखत पहिला उष्टा कप उचलत होती.

तेव्हा वामनराव उठले. मला वाटलं, आता हात धरून नेणार. तरुणाच्या समोर येऊन त्यांनी त्याचा कप उचलला. मग शेजारच्याचा. मयताच्या घरची भांडी घरच्यांनी काढायची नसतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढायची असतात. म्हातारी गेल्यापासून हा माणूस शेजारी म्हणून रोज तेच करत होता, आणि आताही सवयीनं उठला होता. अर्ध्या टेबलापर्यंत येईस्तोवर त्याला कळलंच नसावं की पलीकडून मुलगीही तेच करत येते आहे. दोघं मध्ये समोरासमोर आली. बापाच्या दोन्ही हातांत उष्टे कप. मग वनितानं ट्रे पुढे केला आणि त्यांनी कप त्यात ठेवले.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. "दामूशेट, आज काय बोलत नाय. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वनिता वेळेवर आली नाही. मशीनला कोणी हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकं परत गेली. एकनाथ गप्प होता, यावरून काय ते समजा. मी मनात बोलणं जुळवत होतो : तुमची पोरगी किती हुशार आहे, मशीन केवढं महागाचं आहे, मोठमोठे लोक तिचे फोटो काढतात. सगळं खरं होतं, पण कालपासून माझ्या तोंडच्या खऱ्याला काही किंमत उरली नव्हती.

उन्हं वर आल्यावर दोघं आली. पुढे वामनराव, मागे वनिता, डोळे सुजलेले. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती उचलली, काउंटरपाशी नेली आणि बारकूच्या समोर मांडून बसले.

"वामनराव, मी सांगतो तुम्हाला," मी म्हटलं.

"तुमी नको. तो पन नको," एकनाथकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मला हितं एकच माणूस खरा बोलला." मग बारकूकडे वळले. "काय रे, नाव काय तुझा?"

"बारकू."

"हिला हितं कोण हात लावतो का?"

"नाय. मशीनला हात लावला तर तीच मारते."

"कोण वाईट बोलतो?"

"दामूशेट ओरडतो. लय ओरडतो. पन तिला ऐकूच येत नाय."

मी पोटावरचा हात काढला.

"हिला मुकी म्हनतात हितं?"

"वनिता म्हनतात," बारकू म्हणाला. "नाव लिवलाय ना तिच्यावर. तुला वाचता नाय येत?"

"येतो," वामनराव म्हणाले आणि मुलीच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले. ॲप्रन अजून आतच होता. मग त्यांनी विचारलं, "हिला हितं आवडतो का रे?"

बारकूनं विचार केला. त्याचा विचार करायचा वेळ सगळ्यांनी दिला. मग तो म्हणाला, "मला काय ठाव? तिलाच इचार ना."

वामनराव वनिताकडे वळले. हात वर केला आणि तो तसाच राहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी मला कळेना काय झालं.

"आमच्या घरात खुणा हायत," ते हळू म्हणाले. "ये, जा, जेव, पानी आन. गुरा बांध. गप बस." बोटं मिटत गेली. "ही खूण नाय आमच्याकडं."

एवढ्या वर्षांत त्या पोरीला काही आवडतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. एकनाथनं तोंड फिरवलं. मलाही काउंटर पुसायची गरज वाटली.

बारकूला यात अवघड काही वाटलं नाही. तो काउंटरमागून आला. "हात छातीवर ठेव. असा. मग फिरव. आणि भुवया वर कर. भुवया वर नाय केल्या तर इचारला असा नाय होत, सांगितला असा होतो."

वामनरावांनी आपला रापलेला हात छातीवर ठेवला. फिरवला. भुवया काही वर जाईनात, त्या खाली यायच्याच सवयीच्या होत्या. "वर," बारकू म्हणाला. "अजून वर." शेवटी त्या मिशांच्या वर दोन भुवया चढल्या, कपाळाला आठ्या पडल्या, आणि तशा चेहऱ्यानं तो माणूस आपल्या मुलीसमोर बसून राहिला.

वनितानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. ती हात उचलणार एवढ्यात दार ढकलून एक जोडपं आत आलं आणि दोन कॉफी मागितल्या. वनितानं बापाला तळहात दाखवला, पिशवीतून ॲप्रन काढून गळ्यात अडकवला आणि मशीनकडे गेली.

"काय बोलली?" वामनरावांनी विचारलं. हात अजून छातीवरच होता.

"थांब म्हनली," बारकू म्हणाला. "गिऱ्हाईक हाय."

वामनराव थांबले.